आईला आधी विचारावं

बाळंतिणीच्या घरी गेलं की मी आधी आईलाच विचारते, "कालपासून पोटभर किती वेळा जेवलीस?" आम्हा आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटीच्या अर्जातला हा प्रश्न भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या माझ्या गावात मला सगळ्यात मोलाचा वाटत आला. उत्तर बहुधा सासूबाई देतात, सून खाली बघते. मग सासूबाईंना बाळाची दुपटी उन्हात घालायला सांगायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आता उत्तर वेगळं येतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आम्ही घरी जातो. ही रीत शेजारच्या गडचिरोलीत घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यामुळे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

तिसरा दिवस रडण्याचा असतो. "ताई, मले दूधच नाही," असं पहिलटकरीण हमखास म्हणते. दूध असतं, बाळाने नीट धरलेलं नसतं. तिची पाठ भिंतीला टेकवायची, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावायचं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली दिसली की थांबायचं आणि ऐकायचं. गिळण्याचा बारीक आवाज येतो आणि आईचे खांदे सैल पडतात. या कामातला माझा सगळ्यात मोठा आनंद तोच.

खरी ओढाताण रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत. आमचा भंडारा धानाचा जिल्हा. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, तयार झाले की बांधी थांबत नाही आणि रोवणीची मजुरीही सोडवत नाही. अडीच-तीन महिन्यांचं लेकरू घरी ठेवून बाई दिवसभर चिखलात वाकते. दुपारी छाती भरून दुखते, पोलकं ओलं होतं. तिला "कामावर जाऊ नको" म्हणणं सोपं आहे, पण घर कसं चालायचं? म्हणून मी दूध हाताने काढायला शिकवते. स्वच्छ वाटीत काढायचं, झाकून सावलीत ठेवायचं, चार तासांच्या आत चमच्याने पाजायचं. हे सासूबाईंनाही शिकवावं लागतं. त्यांनीही तरुणपणी अशीच रोवणी केलेली असते, त्यामुळे त्यांना लगेच उमगतं.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. 10 बाळं गेली. त्यानंतर कमी वजनाचं बाळ तिकडे न्यायचं म्हटलं की आया त्याला छातीशी आवळून धरायच्या. ती भीती खोटी नव्हती, आणि उपचारही टाळता येत नव्हते. मी त्यांच्यासोबत गाडीत बसायची.

बाळ गेलं तरी दोन-तीन दिवसांत पान्हा फुटतोच. त्या दुधासाठी अर्जात रकाना नाही. मी तरीही जाते. थंड पाण्याच्या घड्या देते, दुखणं कमी होण्यापुरतंच दूध काढायला सांगते. घरातले तिच्यासमोर बाळाचं नाव काढत नाहीत, तिला मात्र तेच बोलायचं असतं. तुमच्या घरात, शेजारी अशी आई असेल तर विषय बदलू नका. बाळ कसं होतं, ते तिला विचारा.