सुटे कागद

जुन्या दफ्तरात काम केलेल्या माणसाला रुमालाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाशेजारी सापडला, यावर त्याचा अर्थ पुष्कळदा ठरतो. गेल्या वर्षी एका कारखान्याचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा याची प्रचीती निराळ्याच ठिकाणी आली.

तेथला वीसेक वर्षांचा पत्रव्यवहार लोटस नोट्समध्ये होता. नोट्स 1989 साली बाजारात आले. 1995 मध्ये लोटस कंपनी आयबीएमने घेतली आणि 2019 मध्ये नोट्स एचसीएलकडे गेले. त्याला नुसती ई-मेलची पेटी म्हणणे अन्यायाचे होईल. टपाल, चर्चा, मंजुरीचे अर्ज असे सारे एनएसएफ नावाच्या फायलींत राहत असे. प्रत्येक उत्तरात ते कोणत्या टिपणाचे, याची नोंद असे. एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवा देता येई. कोणी काय वाचावे, हेही टिपणातच ठरवलेले असे.

कारखान्याने प्रणाली बदलताना या साऱ्याचे पीडीएफ करून घेतले. अक्षरे उतरली, नाती उतरली नाहीत. एका सुट्या भागाला तडे जातात, हे प्रथम कोणी सांगितले याचा मी शोध घेत होतो. ‘हे मी पूर्वीच कळवले आहे, पाहा’ असे एका कनिष्ठ अभियंत्याचे एका ओळीचे उत्तर सापडले. ‘पाहा’पुढे दुव्याचे चिमुकले चित्र होते, ते आता कोठेच नेत नव्हते. काही टिपणे कूटबद्ध होती. ती उघडायला त्या-त्या माणसाची आयडी फाइल आणि परवलीचा शब्द लागतो. त्यांची पाने कोरीच निघाली. विभागप्रमुखांचा अहवाल मात्र शाबूत होता आणि श्रेयही त्यांच्याच नावावर.

मूळ एनएसएफ फायली आयडी फायलींसह जपाव्यात, प्रत्येक टिपणाचा ओळख-क्रमांक आणि त्याच्या मूळ टिपणाचा क्रमांक उतरवून घ्यावा, मग हवे तर पीडीएफ करावे. एवढ्याने पुष्कळ वाचले असते. पण त्याला खर्च येतो, आणि ‘सगळे पीडीएफमध्ये आहे’ हे वाक्य बैठकीत फार सोयीचे असते. (शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करताना एकनाथांना ताडून पाहायला निदान निरनिराळ्या प्रती तरी होत्या.)

ते अभियंते आता निवृत्त आहेत. मी फोन केला, तेव्हा त्यांनी आपल्या पहिल्या टिपणाचे शीर्षक शब्दशः सांगितले. “सर, शोधा, असेल तिथंच.” मी पुन्हा शोधले, त्या शीर्षकाचे टिपण पीडीएफमध्ये नाही. मसुद्यात मी त्यांचे नाव घातले आहे. व्यवस्थापनाने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून पुरावा मागितला आहे.