टोक कुणाकडे?

डिशवॉशर घरात आला की नवरा-बायकोला भांडायला एक नवा विषय मिळतो. चमच्यांची डोकी वर की खाली? आमचा इंजिनीअर म्हणतो, पाण्याचा फवारा नीट लागला पाहिजे, सगळी डोकी वर! माझं म्हणणं, दांडे वर हवेत. धुतलेल्या चमच्याचा तोंडात जाणारा भाग पुन्हा हाताळायचा कशाला?

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर. डोकं वर असलं की चमचा जास्त स्वच्छ निघतो, दांडा वर असला की काढायला बरा. खरी गडबड होते ती गर्दीमुळे. एकसारखे चमचे शेजारी ठेवले की एकमेकांना चिकटतात आणि मधली आमटी तशीच राहते. म्हणून चमचा, काटा, चमचा असं आलटूनपालटून लावायचं. बारशात मिळालेला चांदीचा चमचा स्टीलला खेटून तर अजिबात नको, चांदीवर डाग पडतात. तो आपला हातानेच धुवावा.

सुरीच्या बाबतीत मात्र वादच नाही. टोक खाली म्हणजे खाली! कारण साधं आहे. रात्री मशीन लावतो आम्ही आणि सकाळी रिकामं करतात मावशी. हात त्यांचा जातो आत. त्यांची आणखी चार घरं आहेत. बोट कापलं तर साबणाच्या पाण्यात हात घालता येत नाही, म्हणजे चारही घरी खाडा. आणि खाड्याचे पैसे कापणारी घरं काही कमी नाहीत.

अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये डिशवॉशरचं पेटंट घेतलं. घरातले नोकर धुताना महागड्या बशांचे टवके उडवतात, ही त्यांची तक्रार! १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र गाजलं. थोडक्यात काय, बशा सांभाळायला यंत्र निघालं. बोटं सांभाळायचं काम आपल्याकडेच राहिलं.

परवा मावशी सहज म्हणाल्या, "ताई, एका घरी मी आधी वाकून बघते, मगच हात घालते. तुमच्याकडे बघावं लागत नाही."

डोकी वर की खाली, ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे अजून ठरायचंय!