आधी तिचाच रिपोर्ट

गरोदर बाई नाव नोंदवायला आली की हिमोग्लोबिन, शुगर यांच्यासोबत तिची एचआयव्ही तपासणीही होते. हे चांगलंच आहे. वेळेत औषधं सुरू झाली, तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो. पण या तपासणीची दुसरी बाजू मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसायला लागल्यावर दिसली. नवऱ्याचं रक्त तेव्हा बहुतेकदा तपासलेलंच नसतं. त्यामुळे रोग आधी तिच्या नावावर लागतो. ज्याचा रिपोर्ट आधी, त्यानेच आणला, असं घर ठरवून टाकतं. खरं तर रिपोर्टवर लागण आहे की नाही एवढंच असतं. ती कुणाकडून आली, हे त्यात लिहिलेलं नसतं.

म्हणूनच "मी मरेन का?" याच्याआधी प्रश्न येतो, "ताई, घरी सांगावंच लागेल का?"

सांगितल्यावर काय होतं, हे मी ऐकत आलेय. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, मग मारहाण. शेवटी पिशवी भरून माहेरची एसटी. नवरा आजारी असला, तर ती 'पांढऱ्या पायाची' ठरते.

उपचार आता सोपे आहेत. एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण रोजची गोळी घ्यायची, तर ती ठेवायला घरात जागा हवी. तांदळाच्या डब्यात गोळ्या लपवणाऱ्या, डबीचं लेबल खरवडून काढणाऱ्या बाया माझ्यासमोर बसल्यात. कंडोमचं नाव काढलं म्हणून मार खाल्लेल्याही. त्यांची गोळी चुकते ती भीतीने.

कायद्याला ही भीती ठाऊक आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. जोडीदाराला कळवायची मुभा तो डॉक्टरांना काही अटींवर देतो. मात्र त्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर कळवायचं नाही, असंही सांगतो. एचआयव्ही आहे म्हणून तिला राहत्या घरातून काढता येत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदाही तिचा घरात राहण्याचा हक्क मानतो.

कागदावरचं हे बळ तिच्यापर्यंत पोहोचायला मोठी योजना लागत नाही. गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीला नवऱ्यालाही बोलवा, दोघांचं रक्त एकाच दिवशी घ्या. मग 'आधी कुणाचा' हा वादच उरणार नाही. आणि प्रत्येक बाईला दार लावून, एकटीला विचारा, "घरी कुणी मारतं का?" उत्तर 'हो' आलं, तर गोळ्यांसोबत संरक्षण अधिकाऱ्याचा नंबरही तिथेच द्या.

तुमच्या मोबाइलमध्ये दोन नंबर सेव्ह करा: एचआयव्हीबद्दल माहितीसाठी १०९७, हिंसेत अडकलेल्या बाईसाठी १८१. आणि पुढच्या वेळी कुणी "तिनेच आणला" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "त्याची तपासणी झाली का?"