गाडी चालत नाही, तरी ऑइल जुने होते

माझे वडील अण्णा ८४ वर्षांचे आहेत. त्यांना हृदयविकार आहे आणि अधूनमधून धाप लागते. घरातील पेट्रोल मोटार आता प्रामुख्याने त्यांच्या तपासण्यांसाठीच आहे. माझा दवाखाना दीड किलोमीटरवर. त्यामुळे गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते.

त्यावरून मी एक हिशेब मांडला होता. गाडीच्या पुस्तिकेत लिहिले होते, ‘इंजिन ऑइल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावे.’ मी त्यातील किलोमीटर तेवढे वाचले. शिवाय महागडे सिंथेटिक ऑइल घातले होते आणि ‘हे दुप्पट टिकते’ असे विक्रेत्याने सांगितले होते. अडीच वर्षे मी ऑइल बदलले नाही. पट्टी काढून त्याची पातळीही कधी पाहिली नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता अण्णांना धाप लागली. घाईत मी गाडीच काढली. रुग्णालयाच्या अलीकडच्या चढावर ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला आणि विझेना. तो लागला की इंजिन तत्काळ बंद करावे, एवढे मला ठाऊक होते. भर पावसात गाडी कडेला घेतली, १०८ क्रमांकावर फोन लावला. तेवढ्यात मागून आलेल्या रिक्षावाल्याने आम्हांला पोहोचवले. अण्णा चार दिवसांनी सुखरूप घरी आले. मात्र रस्त्याच्या कडेला त्यांचा श्वास मोजत काढलेली ती दहा मिनिटे मी विसरू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमधील मिस्त्रींनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. झाकणाच्या आतल्या बाजूस लोण्यासारखा चिकट थर साचला होता. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ‘त्रास नव्हता म्हणून दोन वर्षे दाखवायला आलो नाही,’ असं पेशंट म्हणाला तर तुम्ही काय म्हणता?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कारण साधे आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होते. लांबच्या प्रवासात इंजिन पूर्ण तापते व ऑइलमध्ये उतरलेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल उडून जाते. दीड किलोमीटरच्या फेरीत ते आतच राहते. त्यातून आम्ल तयार होते, ऑइलमधील संरक्षक घटक खर्ची पडतात आणि गाळ साचतो. थोडेसे ऑइल जळतही असते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीने किलोमीटरकडे न पाहता तारीख पाळावी. सिंथेटिक ऑइल उष्णता अधिक सोसते. पाणी आणि पेट्रोल त्यालाही बाधतात. मुदत वाढवायची असेल, तर ती विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे, पुस्तिकेत तशी मुभा असेल तरच वाढवावी.

ऑइल निवडतानाही पुस्तिकाच प्रमाण मानावी. ‘५डब्ल्यू-३०’ यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा ऑइल थंडीत कसे वाहते हे दर्शवतो, तर दुसरा इंजिन तापल्यावरचा त्याचा दाटपणा. अण्णांच्या जुन्या पद्मिनीत दाट ऑइल चालत असे. म्हणून दाट तेच बळकट, असा माझा समज होता. आजच्या इंजिनातील अरुंद वाटांना ते मानवेलच असे नाही. डब्यावरील एपीआय किंवा एसीईए दर्जाही पुस्तिकेशी जुळवून पाहावा. धूर गाळणारी जाळी असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. ऑइल काळे दिसते म्हणून मात्र ते बाद ठरवू नये. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. केवळ रंगावरून आम्हीही निदान करत नाही.

घरात वृद्ध किंवा रुग्ण असल्यास महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून व इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा. जुन्या ऑइलचा हातांना वारंवार स्पर्श होऊ देऊ नये, ते त्वचेस घातक असते. ते गटारात न ओतता गॅरेजकडे सोपवावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. आणि धाप लागलेल्या रुग्णासाठी प्रथम १०८ ला फोन करावा. गाडी हा दुसरा पर्याय. मी डॉक्टर असूनही त्या रात्री हा क्रम चुकलो.

आता स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर अण्णांच्या औषधांच्या नोंदींखाली ऑइल बदलण्याची तारीखही लिहिलेली असते. ती तारीख अण्णा स्वतः चष्मा लावून तपासतात आणि आठवडाभर आधीच मला बजावतात.