यादीतील शेवटची ओळ

कलकत्त्याचे उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. त्याच्या शेजारच्या ओल्ड पोस्ट ऑफिस स्ट्रीटवर वकिलांच्या कचेऱ्या दाटीने वसल्या आहेत. त्यांतच आमचीही एक. तेथे प्रत्येक अशिलाच्या फायलीत पहिल्या पानावर आम्ही यादी लावतो: वकीलपत्र झाले काय, मूळ कागदांची पोच दिली काय, कोर्ट-फी भरली काय, आणि सर्वांच्या वर, मुदत केव्हा संपते.

स्मरणशक्ती असता यादी कशाला, असे कनिष्ठ मंडळी विचारतात. परंतु १९६३ चा मुदतीचा कायदा कोणाच्या स्मरणशक्तीची वाट पाहत नाही. उसन्या पैशाच्या दाव्यास तीन वर्षे, हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपिलास ९० दिवस. अपिलास विलंबमाफी तरी मागता येते. दाव्यास तीही सोय नाही. मुदत टळली की खरे येणेही न्यायालयात मुके होते.

वाचकहो, शासनावर दावा करावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० अन्वये सामान्यतः दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. ती तुमच्याच टेबलावर येते. तंटा आपसांत मिटावा, म्हणून ते दोन महिने. आमच्या यादीत खूण होते, ‘नोटीस दिली’; तुमच्या नोंदवहीत, ‘नोटीस मिळाली’. या दोन खुणांच्या मध्ये बिल थकलेला एखादा लहान कंत्राटदार उत्तराची वाट पाहत असतो.

म्हणून आमच्या यादीत शेवटी एक ओळ आहे: ‘अशिलास कळविले काय?’ हिला कायद्याने मुदत घातलेली नाही. म्हणूनच ती लिहून ठेवावी लागते.