मे महिन्यातली खुडणी

न्यू जर्सीत मे महिना लागला की पाइनच्या फांद्यांच्या टोकांना फिकट हिरवे, ताठ कोंब उभे राहतात. इथले माळी त्यांना ‘कॅन्डल’ म्हणतात. सुया अजून मिटलेल्या असतात आणि काडी कोवळी. झाड दाट, आटोपशीर हवं असेल तर हीच वेळ. अंगठा आणि तर्जनीत धरून कोंब निम्मा मोडायचा. मोडल्या जागी चीक येतो. तो साबणाला दाद देत नाही, हाताला तेल चोळावं लागतं. कात्री मी घेत नाही. तिच्यानं आजूबाजूच्या सुयाही कापल्या जातात आणि त्यांची टोकं तपकिरी पडतात.

उरल्या कोंबाच्या टोकाशी पुढच्या वर्षीचे डोळे धरतात. काडी कडक झाली की मात्र वेळ गेली. आपल्याकडे मेंदीचं कुंपण बुडख्यापर्यंत छाटलं तरी पाऊस पडला की फुटतं. पाइनच्या जुन्या लाकडाला सहसा फूट येत नाही. जिथे सुया उरलेल्या नाहीत तिथे फांदी कापली, तर वाळका खुंट तेवढा राहतो.

ऑक्टोबरात फोन येतात, “ताई, झाड वाळतंय.” मी जाऊन आधी टोकं बघते. आतल्या सुया पिवळ्या आणि टोकं हिरवी असतील तर काळजी नाही; इथल्या व्हाइट पाइनची सुई दुसऱ्या शरदात गळतेच. टोकंच करपली असतील, तर रस्त्याकडे बघते. हिवाळ्यात बर्फासाठी टाकलेलं मीठ या झाडाला सोसत नाही. मग बुंध्याशी बसून माती उकरते. मुळं जिथे फाकतात तो फुगवटा जमिनीबरोबर दिसायला हवा. तो खोल गाडलेला असेल किंवा पाणी साचत असेल, तर खत घालून काही साधत नाही.

“शेंडा कापून बुटकं ठेवता येईल का?” हा प्रश्न ठरलेला. व्हाइट पाइन परसातही 50 ते 80 फूट जातो. शेंडा उडवला की बाजूच्या फांद्या त्याची जागा घ्यायला चढाओढीनं वर वळतात आणि झाडाचा डौल जातो. खिडकीखाली लावायचाच असेल तर बुटका मुगो पाइन निवडा, तोही वाढल्यावर किती पसरेल हे विचारून. पुढे कात्रीनं बघून घेऊ, या भरवशावर लावायचं हे झाड नव्हे.