नावातलं ओझं

माझं नाव सुनील, जन्म १९७१ चा. क्रिकेटवेड्यांनी एवढ्यावरून ओळखलंच असेल. त्या वर्षी गावसकरने वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा काढल्या आणि आमच्याकडे सुनीलांचं पीक आलं. वर्गात आम्ही तिघे होतो! मला नीट चालता येण्याआधीच बाबांनी बॅट आणून ठेवली होती म्हणे. पुढे शाळेच्या टीमच्या निवडीत मी तिसऱ्याच बॉलला त्रिफळाचीत झालो. बाबा मैदानाबाहेर सायकल धरून उभे होते. घरी येईपर्यंत दोघंही काही बोललो नाही. असो.

हे आठवलं ते फेलिसिया बालांजेमुळे. ही पण १९७१ चीच, जूनमधली, फ्रान्समधल्या ला रोश-स्यूर-याँची. आई सायकल शर्यतींची शौकीन. मुलाचं नाव ठेवलं फ्रेदेरिक, स्पेनच्या फेदेरिको बाहामोंतेसवरून. मुलीचं फेलिसिया, इटलीच्या फेलिचे जिमोंदीवरून. दोघंही टूर द फ्रान्स जिंकलेले. म्हणजे एकाच घरात सुनील आणि विश्वनाथ :-)

गंमत बघा, जिमोंदी तीन-तीन आठवडे चालणाऱ्या शर्यतींचा माणूस. हिने निवडलं काय, तर ट्रॅकवरचं स्प्रिंट. त्या सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. स्प्रिंटला दोघीच उतरतात आणि सुरुवातीला इतक्या हळू जातात की वाटावं, भाजी आणायला निघाल्यात. कारण पुढे जाईल तिला वारा कापावा लागतो आणि मागची तिच्या आडोशाला दम राखून असते. म्हणून दोघींचं 'पहले आप' चालतं. कधी कधी तर चक्क सायकल तोलून जागच्या जागी उभ्या! मग अचानक एक सुटते आणि शेवटचे २०० मीटर बारा सेकंदांच्या आसपास संपतात. चूक सुधारायला वेळच नाही.

१९८८ मध्ये ती ज्युनियर जगज्जेती होती. त्यामुळे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अपेक्षा असणारच. तिथे चौथी आली. कांस्य हॉलंडच्या इंग्रिड हारिंगाने नेलं. चौथा नंबर सगळ्यात वाईट हो, आठवा आलेला निदान शांतपणे जेवतो. बाई एकवीस वर्षांची, नाव जिमोंदीचं आणि गळ्यात काही नाही. मीही त्या वर्षी एकवीसचा होतो आणि दोन इंटरव्ह्यूंमध्ये नापास झालो होतो, त्यामुळे या चौथ्या नंबराशी माझं विशेष सख्य आहे.

पुढचं मात्र तिचं तिचंच. १९९५ ते १९९९ सलग पाच वर्षं स्प्रिंट आणि ५०० मीटर, दोन्हींत जगज्जेती. बोगोटा, मँचेस्टर, पर्थ, बोर्दो, बर्लिन. दहा विजेतेपदं! १९९६ ला अटलांटात सुवर्ण, आणि तिसऱ्या पायरीवर कोण, तर तीच हारिंगा. १९९८ मध्ये बोर्दोला ३४.०१० सेकंदांचा विश्वविक्रम. तो २००२ मध्ये चीनच्या जिआंग योंगहुआने मोडला, ३४.००० करून. एक शतांश सेकंद फक्त! आमच्याकडे पान उघडायला अर्धा सेकंद लागला तरी कुणी बग नोंदवत नाही.

२००० मध्ये सिडनीला महिलांची ५०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली. हिने ३४.१४० मध्ये जिंकली, दुसरी मिशेल फेरिस ३४.६९६. मग स्प्रिंटचंही सुवर्ण घेतलं आणि थांबली. आणखी एकाच ऑलिंपिकनंतर, २००४ नंतर, ती ५०० मीटरची शर्यतच तिथून काढून टाकली.

हे सगळं मी रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाव तुझ्या आजीने ठेवलं. मला अजित ठेवायचं होतं, कॅप्टन वाडेकर होता."

मी हसलो. ते थोडा वेळ गप्प.

"आणि तो बॉल खाली राहिला होता रे," बाबा म्हणाले. "तुझी चूक नव्हती."